शुद्ध शाकाहारी मासिक डबा: 'कॅन्सरपासून संरक्षण' म्हणून घ्यावा का?

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कुठेही जा, नोकरदार, विद्यार्थी आणि एकटे राहणारे ज्येष्ठ यांचं जेवण आज मासिक डब्यावर चालतं. एका वेळच्या 'फुल डब्या'चे महिन्याला साधारण अडीच ते चार हजार रुपये पडतात. चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्साभाजी किंवा उसळ, वरण किंवा आमटी, भात, चमचाभर कोशिंबीर, लोणचं, पापड, आठवड्यातून एकदा गोड. काही जण सोबत सुगंधी सुपारीची किंवा मुखवासाची पुडी टाकतात. हल्ली काही पत्रकांवर 'सात्त्विक, शुद्ध शाकाहारी'च्या जोडीला 'कॅन्सरपासून संरक्षण' असंही छापलेलं दिसतं.

रोजचं जेवण म्हणून हा डबा चांगला सौदा आहे. कॅन्सरबद्दलचा दावा मात्र 'शाकाहारी' या एका शब्दावर उभा राहत नाही. तो उभा राहतो पिठावर, डाळीवर, दाण्याच्या कुटावर, तळणीच्या तेलावर आणि त्या पुडीवर. म्हणून डबा तिथूनच तपासला पाहिजे.

आधी दाव्याचा उगम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस 'माणसात कॅन्सर घडवणारं' या पहिल्या गटात टाकलं. यात हॅम, बेकन, सॉसेज, सलामी असे खारवलेले, धुरावलेले किंवा टिकवण्यासाठी रसायनं घातलेले प्रकार येतात. मटण, बीफ, पोर्क हे लाल मांस 'बहुधा घडवणारं' या खालच्या गटात गेलं. चिकन आणि मासे या निर्णयात नव्हतेच. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, हा त्यातला गाजलेला आकडा. तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. ही वाढ मुळात असलेल्या धोक्याच्या 18 टक्के आहे, थेट 18 टक्के धोका नव्हे, आणि आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात बरंच कमी आहे. शिवाय अट रोज 50 ग्रॅमची आहे. रविवारी मटणाचा रस्सा करणारं घर त्या हिशोबात बसत नाही. हाच आकडा दाखवून कुणी डबा विकत असेल, तर तो लंडनच्या न्याहारीचा धोका सदाशिव पेठेत विकतो आहे.

शाकाहारी माणसांवर थेट झालेले मोठे अभ्यास काय सांगतात? ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-माहितीच्या प्रकल्पातल्या 4,72,377 लोकांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाचपेक्षा जास्त वेळा मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी लोकांत सगळ्या कॅन्सरचं मिळून प्रमाण 14 टक्के कमी होतं, मांस न खाता मासे खाणाऱ्यांत 10 टक्के कमी. पाळी गेलेल्या शाकाहारी बायकांत स्तनाचा कॅन्सर 18 टक्के कमी आढळला, पण त्यातला बराचसा फरक त्यांचं वजन कमी असल्यामुळे होता. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाने सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या 77,659 लोकांवर केलेला अभ्यास 2015 चा. त्यात शाकाहारी गटात आतड्याचा कॅन्सर 22 टक्के कमी होता आणि शाकाहारासोबत मासे खाणाऱ्यांत तब्बल 43 टक्के कमी. कोकण-गोव्याच्या वाचकांनी या आकड्याकडे जरूर पाहावं. बांगडा ताटातून काढल्याने कॅन्सर टळतो, असं यातलं काहीच सुचवत नाही.

आणि आता आपल्याकडचा अभ्यास, ज्याचा कुठल्याही पत्रकावर उल्लेख नसतो. भारतातल्या अनेक केंद्रांमधल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या 2,101 बायका आणि तो नसलेल्या 2,255 बायका यांची तुलना 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. जन्मापासून शाकाहारी असण्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. आम्हाला याचं नवल वाटत नाही. ब्रिटन-अमेरिकेत शाकाहारी होणारा माणूस सहसा विचार करून होतो. तो सडपातळ असतो, सिगारेट आणि दारू कमी घेतो, कोंड्यासकट धान्य खातो. आपल्याकडे शाकाहार घरातून येतो, आणि त्याच घरात मैदा, साखर, फरसाण आणि तंबाखूही असू शकते. तिकडच्या 14 टक्क्यांत मांस न खाण्याचा वाटा किती आणि बाकीच्या सवयींचा किती, हे पुरतं वेगळं करता येत नाही. डब्याच्या झाकणावरचा हिरवा ठिपका त्या बाकीच्या सवयी सोबत आणत नाही.

आता डबा उघडूया. सगळ्यात जास्त वजन पोळीचं असतं, म्हणून पहिली तपासणी पिठाची. पूर्ण धान्य आणि त्यातला चोथा (फायबर) आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी करतो, याचा पुरावा आहारशास्त्रातल्या भक्कम पुराव्यांपैकी आहे. रोज 90 ग्रॅम पूर्ण धान्यामागे धोका सुमारे 17 टक्के कमी, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा आढावा सांगतो. दिवसाला निदान 30 ग्रॅम चोथा पोटात जावा, ही त्यांचीच शिफारस. चोथ्यामुळे मळ आतड्यातून लवकर पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवून ब्यूटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या आतल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात.

मध्यम आकाराच्या एका पोळीला सुमारे 25 ग्रॅम पीठ लागतं, चारीला 100 ग्रॅम. चक्कीच्या कोंड्यासकट पिठात 100 ग्रॅममागे 11 ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, मैद्यात जेमतेम पावणेतीन. त्यामुळे निम्मा मैदा मिसळला की त्याच चार पोळ्यांतून 11 ऐवजी 7 ग्रॅमच मिळतो. आणि मैदा मिसळला जातो, कारण कणीक लवचीक होते, पोळी पातळ लाटता येते, फाटत नाही आणि दिसायला पांढरी दिसते. ओळखायचं कसं? पोळी गार झाल्यावर तोडून बघा. मैद्याची पोळी ताणली जाते, वातड होते आणि चावताना दाताला चिकटते. कोंड्याची पोळी सहज तुटते आणि उजेडात धरली की तिच्यावर तपकिरी ठिपके दिसतात. कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकणारी स्वयंपाकघरंही आहेत. तेव्हा पीठ कुठल्या चाळणीने चाळता, हे विचारायला संकोच करू नका. आठवड्यातून दोन दिवस ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी देणारा डबा आम्ही वरचा मानतो. भाकरीत मैदा घातला तर ती भाकरी राहतच नाही, म्हणून तिथे फसवणुकीला वाव कमी.

वरण आणि उसळ यांत फरक करा. साल काढलेल्या तूरडाळीत 100 ग्रॅममागे 9 ग्रॅम चोथा, अख्ख्या मुगात 17, मटकीत 15, अख्ख्या हरभऱ्यात 25. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ पंधरा ग्रॅम असली तरी पुष्कळ, म्हणजे चोथा दीड ग्रॅमहूनही कमी. तेवढ्याच वाटीत 30 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ असेल तर साडेचार. हिशोब असा जमतो: चांगल्या पिठाच्या चार पोळ्या, उसळ, भात आणि भाजी मिळून एका डब्यातून सुमारे 20 ग्रॅम चोथा. दुसऱ्या वेळचं जेवण आणि एक फळ धरलं की 30 ओलांडतात. मैद्याच्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पाणीदार वरण असेल तर डबा दहाच्या पुढे जेमतेम जातो. दोन्ही डबे शाकाहारीच. आठवड्यात किमान तीन दिवस उसळ हवी, आणि हे महिना ठरवतानाच बोलून घ्या.

भाज्यांच्या बाबतीत बहुतेक डबे कमी पडतात. शिफारस बटाटा वगळून दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि फळं अशी आहे. डब्यातल्या दोन वाट्या भाजीतून बटाटा बाजूला काढला की एरवी शंभर-सव्वाशे ग्रॅम उरतात. कारण साधं आहे. बटाटा स्वस्त, चिरायला सोपा, टिकतो आणि कुठल्याही रस्स्यात खपतो. पालेभाजी निवडायला माणूस लागतो. आठवड्यातून किती दिवस पालेभाजी येते, हे डबेवाल्याची दानत मोजायचं आमचं ठरलेलं माप आहे. दोन दिवस आली तर चांगलं. कोशिंबीर चमचाभर असते, ती मोजणीत धरू नका. काकडी, गाजर, टोमॅटो आपल्या घरातून जोडा.

दाण्याच्या कुटाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी शाकाहारी डब्यात ते कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात असतं, उपासाच्या खिचडीत असतं, आणि त्याची चौकशी कुणीच करत नाही. दमट हवेत साठवलेल्या शेंगदाण्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. हे विष यकृताचा कॅन्सर घडवतं. आयएआरसीच्या पहिल्या गटात त्याचं नाव आहे, आणि ज्याला हेपॅटायटिस बी आहे त्याला धोका कैक पटीने जास्त. भाजल्याने ते थोडं कमी होतं, संपत नाही. त्याला वास किंवा चव असेलच असंही नाही. दाणे खवट लागतात ते तेल जुनं झाल्यामुळे. तो वेगळा दोष. खवट दाण्यात बुरशी असू शकते, तसंच खवट न लागणाऱ्या दाण्यातही असू शकते.

उपाय घरगुती आणि परिणामकारक आहे: निवडणं. हे विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. सुरकुतलेले, काळपट पडलेले, किडके, फुटलेले आणि टरफलाखाली हिरवट-पिवळी भुकटी दिसणारे मोजके दाणे बहुतेक विष बाळगून असतात. ते हाताने वेचून काढले तर पोत्यातलं प्रमाण खूप घटतं. तयार कुटात ही सोय राहत नाही, कारण चांगला आणि वाईट दाणा एकत्र दळला गेलेला असतो. म्हणून डबेवाल्याला विचारायचा प्रश्न असा: कूट तयार आणता, की दाणे निवडून, भाजून, इथेच करता? दुसरा प्रश्न: पावसाळ्यात दाणे कशात ठेवता? घट्ट झाकणाचा डबा, कोरडी जागा आणि एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच खरेदी, असं उत्तर आलं तर समाधान माना. जमिनीवर ठेवलेलं गोणपाट, हे उत्तर आलं तर कुटाशिवाय भाजी मागा.

तेलाचं काय? ज्या दिवशी पुरी, भजी किंवा वडे असतात त्या दिवशी कढईत उरलेलं तेल कुठे जातं, यावर सगळं आहे. दुसऱ्या दिवशीच्या फोडणीत जात असेल तर डबा नाकारा. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल बिघडताना तयार होणारी संयुगं) 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण जुनं तेल लपत नाही: पुरीला काळपट छटा, टाळूला चिकटणारा थर, गार झाल्यावर मेणचट वास. तेलाचा दुसरा मुद्दा वजनाचा. स्तन (पाळी गेल्यानंतर), गर्भाशय, आतडं, मूत्रपिंड, स्वादुपिंड धरून एकूण 13 प्रकारच्या कॅन्सरशी लठ्ठपणाचा संबंध आयएआरसीने 2016 मध्ये मान्य केला आहे. रस्स्यावर बोटभर तवंग असलेला डबा रोज खाऊन वाढणारं पोट शाकाहारी आहे म्हणून कमी धोक्याचं ठरत नाही.

बटाट्याच्या करपलेल्या काचऱ्यांतल्या अ‍ॅक्रिलामाइड या रसायनाची भीती पुष्कळ पसरवली जाते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कॅन्सर झाला हे खरं, पण जेवणातल्या प्रमाणामुळे माणसात होतो, असा ठाम पुरावा अजून मिळालेला नाही. काळ्या पडलेल्या काचऱ्या बाजूला ठेवा, एवढं बस. लोणचं-पापडातल्या मिठाचा विचार जठराच्या कॅन्सरसाठी करायचा. लोणच्याची एक फोड चालते, वाटी नाही.

आता ती पुडी. आमच्या दृष्टीने या सबंध सेवेतली सगळ्यात गंभीर चूक हीच. सुपारी, तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा, आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे. म्हणजे ज्या गटात बेकन आणि सॉसेज आहेत त्याच गटात. ती शंभर टक्के शाकाहारी आहे. रोज चघळली तर तोंडाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं, तिखट लागलं की आग होते, गालाच्या आत पांढरट पट्टे दिसतात आणि तोंड उघडणं कमी होतं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्याकडे लगेच जा. हा ताठरपणा मागे फिरत नाही, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. भारतात पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाचा कॅन्सर अगदी वरच्या जागी आहे आणि त्याचं मूळ तंबाखू आणि सुपारीत आहे, मटणात नाही. 'कॅन्सरपासून संरक्षण' छापून त्याच डब्यात सुगंधी सुपारी देणाऱ्याला आम्ही एकही तारा देणार नाही. भाजलेली बडीशेप, धनाडाळ, तीळ आणि जवस यांचा मुखवास त्याच खर्चात होतो. तो द्या म्हणून सांगा, आणि घरात आलेली पुडी मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

काही ठिकाणी जैन आणि व्हीगन (दूध-दहीही नसलेला) असे दोन वेगळे डबे मिळतात. जैन डब्यात कांदा, लसूण, बटाटा, गाजर नसतं. बटाटा गेल्यामुळे दोडका, भोपळा, कोबी, गवार जास्त येते, हा फायदाच. व्हीगन डबा घेताना मात्र कॅल्शियमची सोय आधी बघा. दूध-दही घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर कमी दिसतो आणि त्याचं श्रेय मुख्यतः कॅल्शियमला जातं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 5,42,778 बायकांची माहिती तपासून 2025 मध्ये दाखवलं की दिवसाला 300 मिलिग्रॅम जास्त कॅल्शियम, म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध, घेणाऱ्यांत हा धोका 17 टक्के कमी होता. ताक, दही बंद केलं तर त्याची जागा नाचणी, तीळ, राजगिऱ्याचा पाला यांनी भरावी लागते, आणि व्हीगन डब्यात हे तिन्ही क्वचित असतात. बी-12 साठी गोळी लागेल, ती डॉक्टरांना विचारून. साध्या डब्यात रोज ताक देणारा डबेवाला मिळाला तर त्याला धरून ठेवा.

महिना भरण्याआधी आठवडाभराचे पैसे देऊन डबा सुरू करा. रोज झाकण उघडून फोटो काढा आणि आठवड्याच्या शेवटी सलग बघा: किती दिवस बटाटा, किती दिवस उसळ, किती दिवस पालेभाजी, किती दिवस तळण. एक दिवस स्वयंपाकघराचा काटा घेऊन पोळ्या आणि भाज्या वजन करा. भाजीचं वजन रस्सा निथळून घ्यायचं. चांगला डबेवाला या चौकशीने चिडत नाही. पालेभाजी वाढवा, मैदा काढा आणि हवे तर शंभर-दोनशे जास्त घ्या, असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकलं जातं, कारण चारपाच गिऱ्हाइकांनी एकच मागणी केली की वेगळी कणीक मळणं त्यांना परवडतं.

घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर हा डबा आहे तसा लावू नका. उपचार चालू असताना शरीराच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 55 किलोच्या माणसाला 66 ते 82 ग्रॅम. या डब्यातून 25 च्या आसपास मिळतात, दोन्ही वेळा लावला तरी 50. शिवाय तोंड आलेलं असताना उसळ आणि भाकरी गिळवत नाही, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना बाहेरची कच्ची कोशिंबीर किंवा कच्चे मोड देऊ नयेत. मऊ खिचडीत जास्तीची मूगडाळ, घट्ट ताजं दही, पनीर, दुधातली खीर अशी भर घरून घालावी लागते. कॅन्सर कळल्यावर लगेच घरात 'आता शुद्ध शाकाहार' असं ठरतं आणि आयुष्यभर अंडी-मासे खाल्लेल्या माणसाचं ताट नेमकं वजन घटत असताना रिकामं होतं. त्याला पचत असतील आणि डॉक्टरांची ना नसेल, तर उकडलेलं अंडं आणि सुरमईचा तुकडा चालू ठेवा.